अरिहंत बांधणाऱ्या कामगारांशी आता तरी बोला: संरक्षण मंत्रालय आणि नौदलाला खुलं पत्र

प्रति,
संरक्षण मंत्रालय, नौदल मुख्यालय, डीआरडीओ आणि भाभा अणुसंशोधन केंद्र,
यापैकी ज्यांच्या टेबलावर हा विषय येतो त्या सगळ्यांना.

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात हडपसरला राहते. एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, आता वीस वर्षं होत आली. माझे बाबाही गिअरवालेच, आयुष्यभर फिटर, पुणे जिल्ह्यातल्याच एका मोठ्या कारखान्यात. कुठल्या ते मी लिहिणार नाही, कारण त्यांनी सही करून दिलेला कागद आहे आणि तो कागद त्यांनी आजपर्यंत पाळलाय, आईपाशीसुद्धा. हे पत्र आहे अरिहंतबद्दल, आपण देशात बांधलेल्या पहिल्या अणुपाणबुडीबद्दल. त्यामुळे आधीच सांगते की यात कुठलंही गुपित नाहीये. जे लिहिलंय ते पेपरात छापून आलेलं, पुस्तकांत असलेलं, सरकारने स्वतः जाहीर केलेलं आहे. गुपित फोडा असं माझं म्हणणं नाहीच. माझं म्हणणं आहे की ज्यांच्या डोक्यात ते आहे ती माणसं आहेत तोवर ते नीट लिहून तरी ठेवा, मग हवं तर कुलपात ठेवा.

२६ जुलै २००९, रविवार होता. कारगिल विजय दिवस. विशाखापट्टणमला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या पत्नी गुरशरण कौर यांनी नारळ फोडला आणि अरिहंत पाण्यात गेली. बाबा तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. टीव्हीवर पाणबुडी अशी धड दिसलीच नाही, पंतप्रधानांचं भाषण आणि खाली फिरणारी पट्टी, एवढंच. बाबा खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढून बसले होते. बातमी संपली, त्यांनी टीव्ही बंद केला आणि आत जाऊन आईला म्हणाले, आज शिरा कर. आई म्हणाली, कशाचा? ते म्हणाले, असंच. मी तेव्हा नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली होती, मला काही अंदाज आला होता पण मी विचारलं नाही, आणि न विचारता शिरा खाल्ला. आमच्या घरात अरिहंतचा सोहळा एवढाच झाला.

नंतर हळूहळू पेपरात येत गेलं. पाणबुडीच्या सांगाड्याचे भाग लार्सन अँड टुब्रोने सुरतेजवळ हजिऱ्याला बनवले, जोडणी विशाखापट्टणमच्या शिप बिल्डिंग सेंटरमध्ये झाली, रिॲक्टर भाभा अणुसंशोधन केंद्राचा, आणि गिअरबॉक्स आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचे. हे वाचलं तेव्हा मला फार भारी वाटलं होतं, कारण वालचंदनगर म्हटलं की आपल्याकडे लोकांना ऊस आणि साखर कारखाना आठवतो. आणि याच्यामागची गोष्ट तर किती जणांना माहीत असेल देव जाणे. ज्यांच्या नावाने ते गाव आहे ते वालचंद हिराचंद, सोलापूरचे. विशाखापट्टणमला सिंदिया कंपनीचा जहाज बांधायचा कारखाना उभा राहिला तो त्यांच्याच पुढाकाराने, २१ जून १९४१ ला डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. तिथेच बांधलेलं जलउषा जहाज १९४८ मध्ये नेहरूंच्या हस्ते पाण्यात गेलं. तो कारखाना पुढे सरकारकडे गेला आणि हिंदुस्थान शिपयार्ड झाला. म्हणजे सोलापूरच्या माणसाने ज्या बंदरात जहाजं बांधायला सुरुवात केली, साठ-सत्तर वर्षांनी त्याच बंदरात उभ्या राहणाऱ्या अणुपाणबुडीत त्याच्या नावाच्या गावचे गिअर जाऊन बसले. ही गोष्ट आमच्या शाळेच्या कुठल्याही पुस्तकात नव्हती आणि माझ्या मुलाच्याही नाहीये.

आता गिअरमध्ये एवढं काय आहे असं कुणालाही वाटेल, म्हणून थोडं सांगते, हे माझं रोजचंच काम आहे. अणुपाणबुडीत रिॲक्टर पाणी तापवतो, त्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. टर्बाइन फिरतं मिनिटाला हजारो फेरे. मागचा पंखा मात्र संथच फिरला पाहिजे, जोरात फिरला की पाण्यात बुडबुडे होतात आणि त्यांचा आवाज लांबवर जातो. मग मधे गिअरबॉक्स येतो, तो वेग उतरवतो. पण गिअरचा दात दाताला लागतो तेव्हा तोही आवाज करतोच, आणि तो साधा खडखडाट नसतो, दात किती आणि फेरे किती यावर त्याचा एक ठरलेला सूर असतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो, हवेच्या चौपट-साडेचौपट. शत्रूच्या सोनारवर, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, बसलेल्या माणसाला तो सूर एकदा कळला की संपलं, पाणबुडी कितीही खोल असू दे. लपून राहणं हेच जिचं काम आहे तिचा जीव असा गिअरच्या दातात असतो. दात ग्राइंड करताना मायक्रॉनवर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागावर, भांडणं होतात, आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो त्यावरून कल्पना करा.

आणि हे सगळं मशिनवर होत नाही. जोडी जुळवताना एका गिअरच्या दातांना निळा रंग लावतात, आम्ही नुसतं ब्लू म्हणतो, अगदी पातळ, बोटाने पसरून, मग जोडी हाताने हळू फिरवायची आणि समोरच्या दातावर निळा ठसा कुठे उमटला ते बघायचं. ठसा दाताच्या मधोमध सलग आला तर जोडी बसली. एका टोकाला आला तर वजन एका टोकावर येणार, आवाज करणार, झिजणार. परत काढा, परत बघा. हा ठसा वाचणं कुठल्या ड्रॉइंगमध्ये लिहिलेलं नसतं. ड्रॉइंगवर टॉलरन्स असतो, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, पण ठसा असा का आला, बेअरिंगमुळे की दातामुळे की सकाळी शॉप थंड होतं आणि दुपारी तापलं म्हणून, हे माणूस सांगतो.

मागच्या वर्षी मी आमच्या साहेबांना विचारून स्क्रॅपमधला एक छोटा हेलिकल, म्हणजे तिरक्या दातांचा, गिअर घरी आणला होता, मुलाला प्रोजेक्टला दाखवायला. बाबा सोफ्यावर बसले होते. त्यांना आता दिसतं कमी आणि अधूनमधून विसरायला होतं, सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. त्यांनी तो गिअर मांडीवर घेतला आणि एकेका दाताच्या कडेवरून नख फिरवत गेले, शांतपणे, गोल सगळा. मग एका ठिकाणी थांबले आणि म्हणाले, इथे मार लागलाय. मी उजेडात नेऊन भिंगाने बघितलं. होता. आमच्या इन्स्पेक्शनच्या पोरांनी तो गिअर दुसऱ्याच कारणासाठी रिजेक्ट केला होता, हा मार कुणाच्या लक्षातच आला नव्हता. मुलगा म्हणाला, आजोबा कसं कळलं? तर बाबा म्हणाले, बोटाला कळतं, आणि मग पुढे काहीतरी सांगायला लागले, एकदा मोठ्या जोडीला आम्ही, आणि तिथेच थांबले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, चहा टाक.

हे वाक्य मला पूर्ण ऐकायचं नाहीये. मी त्याची हक्कदार नाही हे मला मान्य आहे. पण तुम्ही आहात ना? तुम्हाला ते हवं असायला पाहिजे ना?

अरिहंतचं काम किती जुनं आहे ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण हे पत्र बाकीचेही वाचतील म्हणून लिहिते. १९७१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने एंटरप्राइज ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात पाठवली, आणि समुद्रात आपल्याकडे असं काही नाही हे सगळ्यांना दिसलं. पुढे एटीव्ही नावाने प्रकल्प चालू झाला, नावावरून कुणाला काही कळू नये असंच ते नाव, ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी व्हेसल. १९८८ ते १९९१ रशियाकडून, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत युनियनकडून, चक्रा ही अणुपाणबुडी भाड्याने घेतली, त्यावर आपली माणसं शिकली. कल्पाक्कमला जमिनीवरच पाणबुडीचा रिॲक्टर बांधून चालवून बघितला, २००६ पासून तो पूर्ण चालू होता, आणि अरिहंत पाण्यात गेल्यानंतर ऑगस्ट २००९ मध्ये तो पत्रकारांना दाखवला, डॉ. अनिल काकोडकर तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. अरिहंतमधला ८३ मेगावॉटचा रिॲक्टर १० ऑगस्ट २०१३ ला क्रिटिकल झाला, म्हणजे त्यातली अणुविखंडनाची साखळी सुरू झाली. २०१६ मध्ये ती गाजावाजा न करता नौदलात दाखल झाली. ५ नोव्हेंबर २०१८ ला पंतप्रधानांनी जाहीर केलं की तिची पहिली गस्त पूर्ण झाली. १४ ऑक्टोबर २०२२ ला तिच्यावरून क्षेपणास्त्र डागून बघितलं, आणि २९ ऑगस्ट २०२४ ला दुसरी, अरिघात, दाखल झाली.

एवढी लांब ही साखळी आहे. कुणी ३० वर्षांचा असताना लागला असेल तर आज तो ७०-७५ च्या पुढे आहे. पाणबुडीच्या रिॲक्टरचं काम ज्यांनी सांभाळलं ते डॉ. शेखर बसू २०२० मध्ये कोविडमध्ये गेले. मोठ्या माणसांच्या निदान मुलाखती असतात, भाषणं असतात. फिटर, वेल्डर, ग्राइंडर, एक्स-रे काढणारा, क्रेनवाला, यांचं काय असतं? आमच्या ओळखीतले एक काका, बाबांच्याच शिफ्टचे, मागच्या दिवाळीत गेले. दहाव्याला बाबा म्हणाले, आता ते फक्त मलाच माहितीये. काय ते मी विचारलं नाही.

मला माहितीये तुम्ही म्हणाल गुप्तता. मान्य. आपलं धोरण पहिला अणुहल्ला न करण्याचं आहे, ४ जानेवारी २००३ ला सरकारने ते जाहीर केलंय, मग पहिला मार झेलल्यावरही उलट मारता आलं पाहिजे आणि त्यासाठी समोरच्याला न सापडणारी पाणबुडी हाच सगळ्यात भरवशाचा उपाय. ती सापडू नये म्हणून लागेल तेवढं झाका, माझं काही म्हणणं नाही. पण झाकून ठेवणं वेगळं आणि हरवून बसणं वेगळं.

दुसऱ्या देशांनी काय केलं ते बघा. अमेरिकेची पहिली क्षेपणास्त्रवाली अणुपाणबुडी जॉर्ज वॉशिंग्टन. ती घाईत कशी उभी केली तर स्कॉर्पियन नावाने बांधायला घेतलेली एक पाणबुडीच मधे कापून तिच्यात १३० फुटांचा, पोलारिस क्षेपणास्त्रांसाठीचा तुकडा जोडला. २० जुलै १९६० ला तिने पाण्याखालून क्षेपणास्त्र सोडलं. ही कापाकापीची गोष्ट आज जगाला माहिती आहे, तिचा वरचा मनोरा अमेरिकेतल्या ग्रोटनच्या पाणबुडी संग्रहालयाबाहेर उभा आहे. फ्रान्सची पहिली, ल रदुताब्ल, २९ मार्च १९६७ ला शेरबूर्गला द गॉल यांच्यासमोर पाण्यात गेली, १९९१ मध्ये निवृत्त झाली, आणि रिॲक्टरचा भाग काढून २००२ पासून ती लोकांना आतून बघायला खुली आहे. १२८ मीटर लांब. ज्या गावाने ती बांधली त्याच गावात ती ठेवलीय, म्हणजे तिथला म्हातारा वेल्डर नातवाला घेऊन जाऊन म्हणू शकतो की हा जोड मी मारलाय. मला ही एक गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

आणि उलटं काय होतं तेही बघा. सोव्हिएत के-१९, ४ जुलै १९६१, समुद्रात रिॲक्टर थंड ठेवणारी यंत्रणा निकामी झाली, पर्यायी व्यवस्था नव्हती, मग खलाशांनी आत शिरून तिथल्या तिथे पाइप वेल्ड करून पाणी पोचवलं. तीन आठवड्यांच्या आत ८ जण किरणोत्साराने गेले. जे वाचले त्यांना गप्प बसायला लावलं आणि सोव्हिएत युनियन संपेपर्यंत ते गप्पच बसले. ज्यांनी पाणबुडी वाचवली त्यांच्या घरच्यांना तीस वर्षं माहीत नव्हतं की आपल्या माणसाने नेमकं काय केलं. आपल्याकडे असं काही झालंय असं मी म्हणत नाहीये. पण इतकं गप्प ठेवलं की लोक खोटं बोलायला मोकळे होतात, हे मी स्वतः बघितलंय.

दोन-तीन वर्षांपूर्वी गणपतीत आम्ही बाबांना घेऊन देखावे बघायला गेलो होतो. एका मंडळाने पाणबुडीचा देखावा केला होता, सुंदर केला होता हं, निळे दिवे, धूर, क्षेपणास्त्र वर येतंय, खाली पाणी हलतंय, पोरं खूश. आणि मागून रेकॉर्ड केलेला आवाज, ही रशियाने आपल्याला दिलेली अणुपाणबुडी अरिहंत. रशियाची मदत झाली हे पंतप्रधानांनीही २००९ मध्ये अरिहंत पाण्यात गेली त्या दिवशीच्या भाषणात म्हटलं होतं, पण मदत करणं आणि आयती देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाबा काठी टेकून उभे होते. गर्दीत मी त्यांचा हात धरला होता म्हणून मला कळलं, हात घट्ट झाला. बाहेर पडल्यावर म्हणाले, त्या पोरांना सांगू का, आपली आहे म्हणून? मी म्हटलं, सांगा ना बाबा. थोडं चालले आणि म्हणाले, नको. विचारतील तुम्हाला कसं माहीत.

मंडळाच्या पोरांचा काय दोष. त्यांना सांगितलंय कुणी?

आता माझं मागणं. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केलं की युद्धांचा आणि मोहिमांचा इतिहास संकलित करायचा, कागदपत्रं साधारण २५ वर्षांनी खुली करायची, त्यासाठी समिती असेल. फार चांगलं धोरण आहे, मनापासून म्हणते. पण त्यात युद्ध आहे, मोहीम आहे, कारखाना नाहीये. अरिहंत ही लढाई न करता जिंकलेली मोहीमच आहे असं मला वाटतं, फक्त ती वर्कशॉपमध्ये झाली, तीन शिफ्टमध्ये. तर या धोरणात बांधणीचा इतिहास घ्या. तुमचीच, सिक्युरिटी क्लिअरन्स असलेली माणसं पाठवा, बाहेरची नकोत, त्यांच्यासमोर ही म्हातारी माणसं मोकळेपणाने बोलू शकतील, सही केलेल्या कागदाची भीती राहणार नाही. रेकॉर्ड करा, तुमच्याकडे सीलबंद ठेवा, २५ वर्षं ठेवा नाहीतर ५० ठेवा, तुम्ही ठरवा. आणि सुरुवात पुणे जिल्ह्यापासून करा, कारण इथे कारखाने आहेत, पाषाण-दिघीला डीआरडीओच्या लॅब आहेत, लोणावळ्याला नौदलाचं आयएनएस शिवाजी आहे जिथे नौदलाचे इंजिनिअर शिकतात, संरक्षणाच्या कामातून रिटायर झालेली माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. कृपा करून मराठीत बोलू द्या त्यांना. बाबांना इंग्रजीत विचारलं तर ते येस सर नो सर करून पाच मिनिटांत मोकळे होतील. मराठीत विचारलं तर दुपार होईल.

यात तुमचाही फायदाच आहे. पुढच्या पाणबुड्या बांधायच्यात, यापेक्षा मोठ्या बांधायच्यात. आमच्याकडे आता नवीन पोरं येतात, कॉम्प्युटरवर भारी असतात, मी त्यांना नावं ठेवत नाही, पण ब्लूचा ठसा बघून ती माझ्या तोंडाकडे बघतात. मी जे शिकले ते बाबांकडूनच, तेही साध्या गिअरपुरतं. मोठ्या जोडीला त्यांनी काय केलं होतं ते पुढच्या फिटरला कोण सांगणार?

आणि एक छोटी गोष्ट, ही मंत्रालयाला जमण्यासारखी आहे. एक पत्र द्या. कारखान्याचं नाव नको, प्रकल्पाचं नाव नको, काय काम केलं ते नको. फक्त एवढंच की यांनी देशाच्या नौदलासाठी काम केलं, त्याची आम्हाला माहिती आहे. बाबांना रिटायरमेंटला शाल आणि नारळ मिळाला, तसा सगळ्यांनाच मिळतो. हे पत्र मिळालं तर ते कुणाला दाखवणार नाहीत याची मी खात्री देते. कपाटात पेन्शनच्या फाइलमध्ये ठेवतील.

बाबांना मी हे पत्र वाचून दाखवलंय. दोन ठिकाणी त्यांनी ओळी काढायला लावल्या, त्या मी काढल्या. बाकी असू दे म्हणाले.

त्यांना सकाळी नऊ ते साडेअकरा चांगलं आठवतं. त्यानंतर थकतात. कुणी येणार असेल तर त्या वेळात यावं, आणि जमल्यास येताना एखादा गिअर घेऊन यावं, हातात दिला की ते बोलतात.

आपली,
एका गिअर फिटरची मुलगी
हडपसर, पुणे